संबळ कुणी वाजवला?

(ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती आणि माझे 'म्हणजे, म्हणजे' शक्य तितके काढलेत. राहिलेले गोड मानून घ्या.)

आज सुरुवातीला नेहमीची धून वाजली नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. काहींनी हेडफोन तपासले असतील. हेडफोन ठीक आहेत. धून मीच काढलीय. का काढली, हाच आजचा विषय.

दोन महिन्यांपूर्वी एका श्रोत्याचा मेल आला. एकच ओळ होती: 'सुरुवातीचा संबळ कुणी वाजवलाय? भारी आहे.' मी उत्तर लिहायला बसलो आणि थांबलो. मला माहीतच नव्हतं. ती धून मी तीसेक भागांना लावली होती. प्रत्येक भागाच्या माहितीत खाली लिहिलं होतं, 'संगीत: पारंपरिक'. लिहिताना एकदाही हात अडखळला नव्हता.

ती आली कुठून, ते सांगतो. तुळजापूर तालुक्यात चुलतभावाचं लग्न होतं. लग्नानंतर दुसऱ्या रात्री अंगणात गोंधळ. आमच्याकडे हे नेहमीचंच आहे. कुलदैवत तुळजाभवानी, त्यामुळे लग्न झालं की गोंधळ घातल्याशिवाय कार्य पुरं होत नाही. रात्री साडेअकराच्या सुमाराला संबळाने अशी काही लय पकडली की मी जेवणाचं ताट खाली ठेवून मोबाइल काढला. पुढे पॉडकास्ट सुरू करताना त्या रेकॉर्डिंगमधले अकरा सेकंद कापले, मागचा कलकलाट काढला, लूप केला आणि चिकटवला. पुण्यात बसून अर्ध्या तासाचं काम.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. आमच्या धंद्यात दुसऱ्याचा कोड फुकट वापरायला मिळतो, पण त्यालाही अट असते. एमआयटी लायसन्स हे सगळ्यात ढिलं लायसन्स समजलं जातं. त्यात वापरा, बदला, विका, सगळ्याला परवानगी आहे. अट एकच: मूळ लेखकाच्या नावाची सूचना प्रत्येक प्रतीसोबत ठेवा. ही अट मी ऑफिसमध्ये डोळ्यांत तेल घालून पाळतो. ज्युनिअर पोरांनी ती सूचना उडवली तर त्यांना झापतोसुद्धा. आणि घरच्या अंगणातला संबळ उचलताना मात्र मला वाटलं, हे काय, हे तर सगळ्यांचंच आहे.

म्हणून आज ही गोष्ट. लोकसंगीत जेव्हा अंगणातून रंगमंचावर, रेकॉर्डवर, सिनेमात, गिटारवाल्या बँडमध्ये जातं, तेव्हा कुणाचं नाव पुढे जातं आणि कुणाचं मागे राहतं?

आधी गोंधळ म्हणजे काय ते थोडक्यात. माहीत असेल त्यांनी पाच मिनिटं सहन करा. गोंधळ्यांत दोन मुख्य पोटप्रकार: कदमराई आणि रेणुराई. कदमराई तुळजापूरच्या भवानीचे, रेणुराई माहूरच्या रेणुकेचे. अंगणात पाट किंवा चौरंग मांडतात, त्यावर धान्याचा चौक भरतात, कलश ठेवतात, दिवटी पेटवतात. कथा सांगणारा मुख्य गोंधळी म्हणजे नायक. त्याला प्रश्न विचारणारा, मध्येच विनोद करून हसवणारा साथीदार. एक तुणतुण्यावर, एक झांजेवर, एक संबळावर. संबळ म्हणजे कमरेला बांधलेली दोन चर्मवाद्यांची जोडी. एकाचा आवाज उंच, दुसऱ्याचा ढाला. दोन्ही काठ्यांनी वाजवायची, त्यातली एक काठी टोकाला वाकवलेली.

गोंधळाचे दोन भाग. पूर्वरंगात गण आणि देवांना आवतण. उत्तररंगात आख्यान, म्हणजे कथा. मला आज बोलायचंय ते आवतणाबद्दल. गोंधळी देवांना बोलावतो तेव्हा नुसतं 'सगळे देव या' असं म्हणून भागवत नाही. गावासकट एकेकाचं नाव घेतो. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा. मग घराण्याची, गावाची लहानमोठी दैवतं. एकही नाव सुटून चालत नाही, नाहीतर तो देव रुसणार. म्हणजे या कलेची सुरुवातच मुळी नावं घेण्यापासून होते. आणि ती नावं घेणाऱ्याचं नाव मात्र माझ्या फाईलमध्ये नव्हतं.

असं पहिल्यांदा माझ्याकडूनच घडलं, असंही नाही. थोडं मागे जाऊ.

आमच्या जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला उमरगा. तिथून कर्नाटकची हद्द ओलांडली की बिदर जिल्ह्यात बसवकल्याण. बाराव्या शतकात हे कल्याणी म्हणून चालुक्यांची राजधानी होतं. तिथला राजा तिसरा सोमेश्वर, ज्याला भूलोकमल्ल म्हणत, त्याच्या नावावर 'मानसोल्लास' हा मोठा संस्कृत ग्रंथ आहे. राजाने काय खावं इथपासून संगीत-नृत्यापर्यंत सगळं त्यात आहे. पुढे तेराव्या शतकात काकतीयांच्या पदरी असलेल्या जायसेनापतीने 'नृत्तरत्नावली' लिहिली. त्यात या सोमेश्वराची एक हकिगत येते. कल्याणात एका उत्सवाच्या वेळी भिल्लिणीच्या वेषातल्या एका बाईचं नृत्य राजाने पाहिलं, त्याला ते आवडलं, आणि त्यावरून 'गोंडली' नावाचा नृत्यप्रकार शास्त्रात आला. त्याच शतकात देवगिरीच्या यादवांकडे असलेल्या शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकर'मध्येही हा प्रकार येतो. आपल्या गोंधळाचं नातं या गोंडलीशी जोडणारे अभ्यासक आहेत.

नातं जुळतं की नाही, हा वाद विद्वानांवर सोडू. मला त्या हकिगतीतली एक गोष्ट खटकते. राजाचं नाव आहे. ग्रंथकाराचं नाव आहे. शहराचं नाव आहे. नाचली जी बाई, तिचं नाव नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचं 'नृत्य: पारंपरिक'.

आता उलटं उदाहरण बघा, तेही आमच्याच जिल्ह्यातलं. धाराशिवपासून जवळच तेर. गोरोबाकाकांचं गाव. गोरोबा कुंभार, मातीत राबणारा माणूस. पण त्यांचे अभंग सातशे वर्षं त्यांच्या नावावर टिकले. का? अभंगाच्या शेवटी कवी स्वतःचं नाव गुंफतो. नाममुद्रा म्हणतात तिला. गोरोबांची आहे, चोखोबांची आहे, जनाबाईंची आहे. ही मुद्रा छंदात बसवलेली असते. काढली तर चरण लंगडा होतो. म्हणजे गाणाऱ्याची इच्छा असो-नसो, कवीचं नाव घेतल्याशिवाय त्याला अभंग पुरा करता येत नाही. शाहिरांनीही हेच केलं; पोवाडा संपताना शाहीर आपलं नाव, कधी गुरूचं, कधी गावाचंही नाव सांगून जातो.

आज मुंबईचा 'अभंग रिपोस्ट'सारखा बँड इलेक्ट्रिक गिटार आणि बेसवर अभंग वाजवतो. हजारभर पोरं उड्या मारतात. त्या गर्दीत ज्याने कधी वारी पाहिली नाही त्याच्याही कानावर शेवटी तुकोबांचं नाव पडतंच. सोबत कुठलीही माहिती छापली नाही तरी चालतं, कारण माहिती गाण्यातच आहे.

पण ही सोय फक्त शब्दांना आहे. संबळाच्या बोलात नाममुद्रा घालता येत नाही. ठेका कुणी बांधला, कुणी त्यात ती अर्धी मात्रा ओढून धरली, हे ठेका स्वतः सांगत नाही. ते बाहेरून कुणीतरी लिहावं लागतं. आणि ते लिहिण्याची वेळ आली की आपण 'पारंपरिक' लिहून मोकळे होतो.

जरा बाहेरच्या जगात जाऊन येऊ. ज्याला फोक-रॉक म्हणतात, त्याचा इतिहास वाचताना मला हाच प्रश्न दिसला. १९६९ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन' या बँडचा 'लीज अँड लीफ' हा अल्बम आला. जुनी इंग्रजी लोकगीतं घेऊन त्यांनी इलेक्ट्रिक गिटार, ड्रम आणि फिडलवर वाजवली. इंग्लिश फोक-रॉक म्हटलं की आजही हा अल्बम आधी काढतात. यातली माणसं पुढे पांगली. अॅशली हचिंग्जने 'स्टीलाय स्पॅन' काढला. सँडी डेनी आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी आपापलं काम उभं केलं; थॉम्पसन एकट्याने आणि बायको लिंडासोबतही. फिडलवाला डेव्ह स्वारब्रिक बँडमध्ये येण्याआधी मार्टिन कार्थी नावाच्या लोकगायकाची साथ करायचा. हा कार्थी पुढे 'स्टीलाय स्पॅन'मध्येही गेला. एकट्याचं काम, दोघांचं काम, बँडचं काम, असं सगळं एकमेकांत गुंतलेलं. त्या अल्बमवरच्या जुन्या गाण्यांपुढे लिहिलेलं असायचं: पारंपरिक, आणि पुढे मांडणी करणाऱ्या बँडचं नाव. यात पैशाचा भाग असा की गाणं पारंपरिक असलं तर त्यावर कुणाची मालकी नाही, पण मांडणीवर हक्क सांगता येतो. म्हणून मांडणी कुणाची, हा तिथे कळीचा मुद्दा.

आणि याच कार्थीच्या वाट्याला आलेली गोष्ट ऐका. 'स्कारबरो फेअर' हे जुनं इंग्रजी लोकगीत. कार्थीने ते गिटारवर स्वतःच्या ढंगाने बसवलं आणि १९६५ च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये घेतलं. त्या सुमाराला अमेरिकेचा पॉल सायमन लंडनमध्ये होता. त्याने ते कार्थीकडून उचललं. १९६६ मध्ये सायमन आणि गारफंकेलच्या अल्बममधून ते जगभर गेलं. श्रेय कुणाला? सायमन आणि गारफंकेल. कार्थीचं नाव नाही, आणि 'पारंपरिक' हा शब्दही नाही. ही सल अनेक वर्षं राहिली. शेवटी २००० मध्ये लंडनच्या कार्यक्रमात सायमनने कार्थीला मंचावर बोलावलं आणि दोघांनी मिळून ते गाणं म्हटलं. तेव्हा कुठे मिटलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. कार्थीकडे ही चाल आली कुठून? इवन मॅककॉल आणि पेगी सीगर यांच्या लोकगीतांच्या पुस्तकातून. मॅककॉलकडे कुठून? १९४७ मध्ये त्याने ती इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका निवृत्त खाणकामगाराकडून ऐकून घेतली होती. शिशाच्या खाणीत आयुष्य काढलेला माणूस, मार्क अँडरसन. मॅककॉलने ते नाव नोंदवून ठेवलं, म्हणून आज मी ते धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाच्या तोंडून तुम्हाला सांगू शकतोय. आमच्याकडे गिट नावाचं साधन असतं, त्यात कोडची प्रत्येक ओळ कुणी, कधी बदलली ते मागे मागे जाऊन पाहता येतं. इथे तसंच झालं. साखळीतल्या एका माणसाने नोंद ठेवली, म्हणून तळापर्यंत पोचता आलं.

आता परत महाराष्ट्रात. आपल्याकडे लोककला रंगमंचावर आणणाऱ्या बुजुर्गांनी मोठं काम केलंय, आणि ते मला कमी लेखायचं नाही. शाहीर साबळे, म्हणजे कृष्णराव साबळे, १९२३ साली वाईजवळच्या पसरणीत जन्मले. 'महाराष्ट्राची लोकधारा' या त्यांच्या कार्यक्रमातून शहरातल्या लोकांनी गोंधळ, वाघ्या-मुरळी, कोळीनृत्य हे तिकीट काढून पाहिलं. १९९८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१५ मध्ये ते गेले. त्यांनी गायलेलं 'जय जय महाराष्ट्र माझा' २०२३ मध्ये राज्यगीत झालं. आता एक प्रयोग करा. दहा जणांना विचारा, हे गाणं कुणाचं? बहुतेक जण म्हणतील शाहीर साबळेंचं. शब्द राजा बढे यांचे आणि संगीत श्रीनिवास खळे यांचं, हे ठाऊक असलेले कमी निघतील. ही दोन्ही नावं तर छापील आहेत, पाठ्यपुस्तकात आहेत. तिथे ही गत, तर त्या रेकॉर्डिंगला ढोलकी कुणाची होती हे कोण विचारणार?

दुसरे विठ्ठल उमप. १९३१ मध्ये मुंबईच्या नायगावात जन्म. आंबेडकरी जलशांतून घडलेला आवाज. कव्वाली, भारूड, पोवाडा, गोंधळ, काही वर्ज्य नाही. 'जांभूळ आख्यान' हे त्यांचं गाजलेलं सादरीकरण. द्रौपदीच्या मनात कर्णाबद्दल आलेला विचार आणि त्यावरून घडलेली जांभळाची गोष्ट, ही कथा गोंधळ्यांच्या आख्यानांतली. परभणीच्या राजारामभाऊ कदमांसारख्या गोंधळ्यांनी ज्या परंपरेला आयुष्य दिलं, ती परंपरा उमपांनी नाट्यगृहात उभी केली. एकच माणूस कथा सांगणारा, तोच द्रौपदी, तोच बाकीची पात्रं. पुढे 'टिंग्या', 'विहीर' अशा सिनेमांत त्यांनी अभिनयही केला. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात कार्यक्रमाच्या मंचावरच ते कोसळले आणि गेले.

'जांभूळ आख्यान' आपण उमपांचं एकपात्री म्हणून लक्षात ठेवतो. पण त्यांच्या मागे साथीदार होते. आख्यान म्हणजे नायकाने टाकलेलं वाक्य साथीदाराने झेलणं. हुंकार भरणारा नसेल तर गोष्ट पुढे सरकत नाही. आपल्या लोककलेत तसं एकट्याचं काहीच नसतं. पोस्टरवर मात्र एकच चेहरा मावतो.

मग सिनेमा. २००९ मध्ये 'जोगवा' आला. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांचा आधार, राजीव पाटील यांचं दिग्दर्शन. चौंडकं हे जोगत्यांचं वाद्य, म्हणजे कादंबरीचं नावच वाद्यावरून. अजय-अतुल यांना त्या संगीतासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हरिहरन आणि श्रेया घोषाल यांना गायनासाठी. आमच्या पिढीच्या पोरांना देवीची गाणी 'जुनाट' वाटेनाशी झाली, त्यात अजय-अतुल यांचा वाटा मोठा आहे. मी स्वतः त्यातला एक. अंगणातला संबळ ऐकून ताट खाली ठेवलं, कारण कान आधी सिनेमाने तयार केले होते. हे मान्य करायला हवं.

आणि बँड. 'इंडियन ओशन' दिल्लीचा, पण त्यांच्या एका गाण्याची वाट आपल्या शेजारून जाते. बेस वाजवणारा राहुल राम नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाव आंदोलनात होता. सरदार सरोवरात आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं येतात, तीच ही लढाई. त्या खोऱ्यात ऐकलेलं नर्मदेचं लोकगीत बँडने घेतलं आणि २००० च्या 'कंदिसा' अल्बममधून ते 'मा रेवा' म्हणून देशभर गेलं. गाणं पारंपरिकच. पण निदान ते कुठून आलं हे बँड सांगत राहिला.

या बँडची मला आवडणारी गोष्ट वेगळी आहे. असीम चक्रवर्ती तबला वाजवत वाजवत गायचा. म्हणजे ठेका धरणारा मागे अंधारात नव्हता, तो पुढे होता, बँडचा भागीदार होता. २००९ च्या नाताळात तो गेला तेव्हा लोक हळहळले ते नाव घेऊन. सुस्मित सेनने बँडमध्ये असतानाच २०११ मध्ये एकल अल्बम काढला, २०१३ मध्ये बँड सोडला. राहुल राम वरुण ग्रोवर आणि संजय राजौरासोबत 'ऐसी तैसी डेमोक्रसी' करू लागला. एकट्याचं आणि मिळून केलेलं, दोन्ही नोंदलेलं. कारण पहिल्या दिवसापासून चारही जणांना नाव होतं. ज्याला नाव असतं त्यालाच पुढे 'एकल' काही करता येतं. आमच्या संबळवाल्याने उद्या एकट्याचा कार्यक्रम ठेवला तर तो कुणाच्या नावावर तिकीट विकणार?

आता कायदा. कंटाळवाणं आहे, पण दोन मिनिटं ऐका. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात सादरकर्त्याचे हक्क आले. सादरकर्ता म्हणजे कोण, याची यादीच आहे: नट, गायक, वादक, नर्तक, कसरत करणारा, जादूगार, अगदी गारुडीसुद्धा, आणि व्याख्यान देणारा. २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला आणखी एक हक्क मिळाला: हे मी सादर केलंय, माझं नाव लावा, असं म्हणण्याचा. म्हणजे गाणं पारंपरिक असलं तरी ते त्या रात्री वाजवणाऱ्याचं वादन त्याचंच. गाणं सगळ्यांचं, वादन त्याचं. मी या दोन गोष्टींची गल्लत केली होती.

पण त्याच दुरुस्तीत एक पोटवाक्य आहे. सिनेमात ज्याचं काम किरकोळ स्वरूपाचं आहे आणि धंद्याच्या रीतीप्रमाणे ज्याचं नाव कुठेच दिलं जात नाही, त्याला सादरकर्ता धरायचं नाही; त्याच्या कामाची मोडतोड झाली तर तक्रार करण्यापुरतंच धरायचं. हे मी तीनदा वाचलं. नाव द्यायची रीत नाही, म्हणून तो सादरकर्ता नाही. सादरकर्ता नाही, म्हणून त्याला नाव मागता येत नाही. प्रोग्रॅममध्ये असा लूप लिहिला तर मशीन अडकून बसतं.

तर दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो. चुलत्यांच्या डायरीत गोंधळ्यांचा नंबर होता. फोन केला, भेटायला गेलो. लग्नसराई नसल्यामुळे मामा घरीच होते; सीझन नसला की ते भाड्याची रिक्षा चालवतात. मी सगळं सांगितलं. मोबाइलवर धून लावून इअरफोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. अकरा सेकंदच ते. परत लावायला सांगितलं. मग म्हणाले, "हे आमचंच हाय मालक. पण झांज कुठं गेली?"

झांज मी काढली होती. मागचा कलकलाट म्हणून जो साफ केला, त्यात झांजही गेली होती. ती त्यांच्या मेव्हण्याची. मला ती गोंगाट वाटली होती.

मी म्हटलं, मामा, तुमचं नाव प्रत्येक भागात लावतो, वरून मानधनही देतो. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या एकट्याचं नगं. एकट्या संबळाला कुणी गोंधळ म्हणत न्हाई. लिवायचं आसंल तर पाचीजणांचं लिवा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या. आन् पैशाचं म्हणाल, तर त्या रातीची बिदागी मिळाली आमाला. ह्याचं काय ते पाचीजणांला इचारून सांगतो."

मी अपराधी चेहरा घेऊन गेलो होतो, माफी मागून एक नाव घेऊन परत यायचं असं ठरवून. त्यांनी माझा प्रश्नच दुरुस्त केला. मी विचारत होतो, संबळ कुणी वाजवला? कायदाही असंच विचारतो, एकेका माणसाला धरून. ते विचारत होते, बाकीचे कुठे आहेत?

म्हणून आजच्या भागात त्यांचं नाव मी घेतलेलं नाही. पाचापैकी दोघं ऊसतोडीला बाहेर आहेत, त्यांच्याशी बोलणं व्हायचंय. पाचही जणांचा होकार आला की आमचं ठरलंय: झांज, तुणतुणं, सगळ्यांसकट नवीन रेकॉर्डिंग करायचं, बिदागी आधी ठरवायची, आणि नावं मी वाचायची नाहीत, नायकाने स्वतःच्या आवाजात घ्यायची. धुनीतच. म्हणजे ती धून कुणी उचलली तरी नावं सोबत जातील, गोरोबांच्या मुद्रेसारखी. जुन्या तीसेक भागांच्या माहितीतला 'पारंपरिक' हा शब्द मी ठेवलाय, कारण तो खोटा नाही. त्यापुढे 'वादक:' लिहून जागा मोकळी सोडलीय.

तोपर्यंत आपला पॉडकास्ट धुनीशिवाय सुरू होईल. आणि एक विनंती. तुमच्याकडेही लग्नातल्या, जत्रेतल्या, नवरात्रातल्या अशा क्लिपा मोबाइलमध्ये पडलेल्या असतील. कुठे टाकण्याआधी, माणूस समोर आहे तोवर, नाव विचारून घ्या. गाव विचारा. शेजारी झांज धरून उभा असतो, त्यालाही विचारा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.